बादशहाचं गाणं देशाला

मुखरूभाऊइतका लबाड माणूस मी जन्मात पाहिला नाही, अन् त्याच्यासाठी भांडायला मी आजही तयार आहे. आमच्या आरमोरीकडच्या गावात तो बोडीत, म्हणजे गावतळ्यात, मासे धरायचा अन् दंडारीत नाचायचा-गायचा. मी शाळेचा मास्तर, म्हणून त्याचे अर्ज लिहायचं काम माझ्याच गळ्यात.

दंडारवाल्यांची एक रीत आहे. गाणं एकच ठेवायचं अन् समोर जो बसला असेल त्याचं नाव त्यात घालायचं. पाटील बसला तर पाटलाचं, ठेकेदार बसला तर ठेकेदाराचं. यात कोणाला लाजबीज वाटत नाही.

सत्याऐंशी साली स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हा नागपूरहून एक प्राध्यापक देशभक्तीची जुनी गाणी जमवत आले. मुखरूभाऊनं त्यांना बेचाळीस सालचं आपलं गाणं ऐकवलं.

'ज्याच्या कृपेनं पिकते धान, त्या भारतदेशाचा गाऊ मान.'

प्राध्यापक गहिवरले. आपला देश अशाच खेड्यातल्या कवींच्या तोंडून जन्मला, असं काहीबाही म्हणाले. पंधरा ऑगस्टला सत्कार ठरला: शाल, नारळ, अन् व्यासपीठावर खुर्ची. शाल-नारळाचं मुखरूभाऊला काही नव्हतं. पण खुर्ची! मासे धरणाऱ्या ढिवर जातीचा माणूस आमच्या गावात सभेत कधी खुर्चीवर बसला नव्हता. तो खाली बसून गायचा अन् उठून घरी जायचा. आठ दिवस त्यानं माझं डोकं खाल्लं. खुर्ची लाकडाची राहीन का पत्र्याची, हेच एक चालू.

आता खरी गोम. मुखरू चौथीत असताना इंग्रज बादशहाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली. गुरुजींनी सरकारी कागदावर आलेली कविता पोरांकडून छडी मारमारून घोकून घेतली. हेच गाणं! फक्त देशाच्या जागी बादशहा. पुढे या बहाद्दरानं रीतीप्रमाणे बादशहा उचलून बाहेर काढला अन् देश आणून बसवला. हे त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं. मी बजावलं, बाप्पा, हे तोंडातून काढू नको. तर उलट मलाच म्हणाला, मी काय येडा आहे?

पंधरा ऑगस्टला समोर तहसीलदार बसले होते, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात झेंडूचा हार. मुखरूभाऊनं त्यांच्याकडे पाहून हात जोडले, सूर लावला. इतका मोठा साहेब इतक्या जवळून पाहून घाबरला की काय कोण जाणे, पण लहानपणी घोकलेलंच नाव तोंडातून आलं. 'त्या बादशहाचा गाऊ मान.'

झालं. पोरं फिदीफिदी हसली. तहसीलदार मान डोलवत राहिले, त्यांना वाटलं आपलीच स्तुती चालली आहे. प्राध्यापकांना मात्र बरोबर कळलं. त्यांनी तिथंच, माईकसमोर, जाब विचारला. मुखरूभाऊनंही सगळं सांगून टाकलं, गुरुजींच्या छडीसकट. मला तर वाटलं, उठावं अन् घरी जावं.

प्राध्यापक लालबुंद झाले. शालीची घडी त्यांनी परत पिशवीत कोंबली.

"म्हणजे गाणं इंग्रजांचं," ते म्हणाले. "यात तुमचं काय आहे?"

मुखरूभाऊनं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली. हाड कधीकाळी मोडून वाकडंच जुळलेलं होतं. हे त्यानं मलाही कधी दाखवलं नव्हतं.

"गानं तेच होतं सायेब," तो म्हणाला. "बादशहासाठी म्हनलो तवा डिप्टी सायेबानं गुळाचा खडा देल्ला. मंडईच्या जत्रेत देशासाठी म्हनलो तवा शिपायानं हा हात मोडला. आता यातलं माहं काय, ते तुमीच सांगा."

तहसीलदारांची मान डोलायची थांबली. मला एकदम रडू आलं, अन् स्वतःचा रागही आला, की मी याला आजवर नुसता लबाडच समजत होतो.

कोणी बसा म्हणायची वाट न पाहता मुखरूभाऊ चालत गेला अन् खुर्चीवर ऐसपैस बसला. प्राध्यापकांनी गुपचूप पिशवीत हात घातला अन् शाल परत बाहेर काढली.