देवाले ठाऊक आहे वं ते!

मंडळी, आज दुपारी आमच्या नागपूरच्या चर्चमधल्या महिला प्रार्थनासभेत एकीनं एका बाईचं नाव घेतलं. “तिचा नवरा पुन्हा दारू प्याले लागला. तिच्यासाठी प्रार्थना करा.” लगेच साऱ्याजणी विचारू लागल्या, “कधीपासून?”

मला सत्तरच्या दशकातली, आमच्या कामठीच्या घरची सभा आठवली. शांतामावशी शेजारच्या रूथबद्दल असंच सांगू लागली होती. आईनं मिटलेले डोळे न उघडताच म्हटलं, “शांते, देवाले ठाऊक आहे वं ते. आमाले काहून सांगून राहिली?”

आज तेच वाक्य मी म्हटलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मग प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि माझ्याच मनात पहिला विचार आला, “खरंच, कधीपासून पीत असेल?”

तोंड तर आवरलं. मनाचं तुम्ही काय करता हो?