उधळ्या मुलाची गोष्ट मी मुद्दाम काढून दिली

जय ख्रिस्त, मंडळी. आज जळफळाट झालाय म्हणून लिहितेय, सांभाळून घ्या.

दुपारी निरवांगीला आईच्या घरी बायकांची प्रार्थना होती. माझी धाकटी बहीण सुवार्ता आठ वर्षं घर सोडून गेली होती, गेल्या महिन्यात परत आली. तेव्हापासून आईला दुसरं कुणी दिसत नाही. दर आठवड्याला बारामतीहून एसटीनं जाते मी, आणि कोंबडं कापलं ते तिच्यासाठी.

शास्त्रवाचन इतकी वर्षं मीच करते. आज आई म्हणाली, "सुवार्ताला वाचू दे की. लई दिसांनी आलीय पोरगी."

बरं म्हटलं. उतारा मात्र मी निवडला. तिला झोंबावी म्हणून मुद्दाम बायबलमधली, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या धाकट्याची, उधळ्या मुलाची गोष्ट काढून दिली आणि चहाचं निमित्त करून मागच्या अंगणात चुलीपाशी जाऊन बसले.

सुवार्ता अडखळत वाचत होती. बापानं धाकट्याला मिठी मारली तेव्हा आतल्या बायका रडायला लागल्या. मला वाटलं, संपलं. पण ती पुढं वाचत राहिली. थोरला भाऊ शेतातून येतो, धाकट्यासाठी चाललेली मेजवानी बघून रागावतो, घरात जातच नाही. मग बापच बाहेर येऊन त्याची समजूत घालतो.

तेवढ्यात आई मागं आली. "हितं काय करतीस एकटी? आत चल की."

"चहा उतू जाईल," मी म्हणाले. चूल अजून पेटवलीसुद्धा नव्हती.

थोरला शेवटी आत गेला का, ते त्या गोष्टीत लिहिलेलं नाही. परतताना एसटीत तीनदा वाचून बघितलं. तुम्ही गेला असता का? खरं सांगा.