कंडक्टरबाईची भिंगरी

आमच्या वरच्या मजल्यावर एक बस कंडक्टर राहते. ती जिन्यात पुटपुटली तरी अख्ख्या इमारतीला ऐकू जातं. अंथरुणाला खिळलेल्या आईचं करता करता तिचं लग्नाचं वय निघून गेलं. आई गेली, तशी ती माझ्याकडे आली. "मावशी, मला मूल दत्तक घ्यायचंय. त्या अर्जाची भाषा माझ्या बापाला कळायची नाही. चला माझ्याबरोबर."

गेले. पगाराचा दाखला, डॉक्टरचा, पोलिसांचा. वर, तुम्हाला काही झालं तर मुलाचं कोण करील याची हमी. पोटची पोरं वाढवणाऱ्यांना कुणी एवढं विचारत नाही, पण असो. समाजसेविका घर बघायला यायची होती, त्या दिवशी हिने भिंतीसुद्धा पुसल्या. "मला बघायला आले होते तेव्हाही एवढी नटले नव्हते हो!"

बरीच वाट पाहायला लावून मुलगी मिळाली. बोबडं बोलणारी, जागच्या जागी गरगर फिरणारी, म्हणून भिंगरी. तिची आई परक्या गावात रस्त्यावरच्या अपघातात गेली होती. पोरीला नाव-गाव सांगता येईना, वर्तमानपत्रात नोटीस देऊनही कुणी आलं नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेने ती हिच्याकडे सांभाळायला दिली, पण न्यायालयाचा आदेश व्हायचा होता. तो होईपर्यंत मूल तुमचं नाही, आणि फोटो कुणाला दाखवायचा नाही, हे समाजसेविकेने बजावून सांगितलं होतं.

हिने काय करावं? फोटो तिकिटांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.

"काढ तो," मी म्हटलं.

"कोण बघतंय मावशी? लोकांचं लक्ष सुट्या पैशांवर."

लोकांचं असेल. पण ही स्वतःच पेटी उघडून दाखवत सुटायची. घरी दाराला बसच्या घंटीसारखी दोरी बांधली होती. भिंगरी ओरडायची, "डबल द्या!" हिने दोरी दोनदा ओढली की मगच बाईसाहेबांची गाडी जेवायला निघायची.

एके दुपारी एक माणूस त्या फोटोकडे बघत राहिला. त्याचा स्टॉप गेला तरी उतरेना. शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली.

"उतरा दादा, पुढे जात नाही गाडी."

"ताई, ही पोर कुणाची?"

"माझी."

"झोपताना शर्टाची कॉलर नाकाला घासते का हो?"

"नाही," ही म्हणाली.

"चुकलो मग. माझी घासायची." तो दूरदेशी जहाजावर कामाला होता, परत आला तर घराला कुलूप. तेव्हापासून शोधत होता. उतरताना आपला नंबर देऊन गेला. कुठे दिसली तर कळवा म्हणाला.

हे सगळं तिने संध्याकाळी मला सांगितलं. भिंगरी तिच्या मांडीवर झोपली होती, युनिफॉर्मची कॉलर मुठीत घेऊन, नाकाला लावून.

"मावशी, तो गेला. आता कुणाला कळणार आहे?"

"तुला," मी म्हटलं.

"तुमच्या जिभेला काही हाड?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. तिला आवाज न करता रडता येतं हे मला तेव्हा कळलं. सकाळी तिनेच संस्थेत जाऊन त्याचा नंबर दिला.

रक्ताची तपासणी झाली. बापच निघाला. दत्तकाचा अर्ज निकाली निघाला. न्यायाधीश म्हणाले, तुमच्यासारखी माणसं दुर्मीळ. ही म्हणाली, "त्याचं मी काय करू, साहेब?" मला तिथे उठून टाळी वाजवावीशी वाटली.

पोर बापाला ओळखेना. दुसऱ्या कुठल्या गाडीत चढेना. शेवटी तो तिला हिच्याच बसने स्टेशनला न्यायला निघाला. मीही चढले, कारण हिला एकटं सोडवेना. ही सगळ्यांची तिकिटं फाडत मागपर्यंत गेली. बापाने पैसे पुढे केले.

"तुमचं एक. लहान मुलांना तिकीट नसतं," ती म्हणाली. फोटो सोलून काढला आणि त्याच्या खिशात घातला. मग दोरीला हात घातला, आणि हात तिथेच राहिला.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो ताई, घंटी द्या की! झोप लागली का?" ती हलेना. मी उठणार, तेवढ्यात बापाच्या मांडीवरून रोजच्यासारखा हुकूम आला.

"डबल द्या!"

तिने दोनदा दोरी ओढली. बस निघाली.