मिरचीची धूळ आणि वडिलांचा दावा

येवल्याच्या आमच्या घराला लागून शेजारच्या काकांनी मिरची कांडपाचं यंत्र बसवलं, तेव्हा मी नाशिकला कायदा शिकत होते. वडील पैठणी विणायचे. माग खिडकीशी, कारण रेशमाचा धागा उजेडाशिवाय दिसत नाही. खिडकी उघडली की लाल धूळ आत. मोतिया पदरावर डाग पडत, आणि वडिलांना असा ठसका लागे की हातातला धोटा सुटे. खिडकी लावावी तर अंधार. इकडे आड, तिकडे विहीर.

वर्गात सर नेमकं हेच शिकवत होते. चोरी-मारामारीला सरकार शिक्षा करतं; पण कुणाच्या वागण्यानं तुमचं नुकसान झालं, तर तुम्ही स्वतः दिवाणी कोर्टात जाऊन ते थांबवू शकता, भरपाई मागू शकता. ह्याला अपकृत्य म्हणतात. समोरच्याच्या मनात वाईट असायलाच हवं असं नाही. त्यानं आपल्या जागेत खुशाल धंदा करावा, पण त्याची धूळ दुसऱ्याच्या छातीत जाऊ नये. मला वाटलं, हा धडा आमच्यासाठीच लिहिलाय. पुस्तकावर इतका विश्वास मी पुन्हा कधी ठेवला नाही.

वडील तयार नव्हते. “शेजारी हाय तो. त्याला कोर्टात खेचू का?” पण पुढे धाप लागून त्यांना आडवंही होता येईना, तेव्हा आईनं पदर खोचला. आम्ही दावा लावला: यंत्र बंद व्हावं, वडिलांच्या आजाराची आणि डागाळलेल्या साड्यांची भरपाई मिळावी.

शेजाऱ्यांनी कोर्टात उत्तर दिलं, की हे लोक दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला आमच्याच यंत्रावर कुटून नेतात, म्हणजे धुळीला त्यांची संमती आहे.

खोटं नव्हतं. गल्लीतल्या माणसाचं कांडप सोडून मिरच्या दुसरीकडे नेल्या, तर आमच्याकडे तो अबोला समजतात. दावा लावल्यावरसुद्धा आईनं तिथंच मिरच्या धाडल्या होत्या. मी कपाळाला हात लावला.

“भांडण कोर्टात हाय, मसाल्यात नाय,” आई म्हणाली.

आमचे वकील म्हणाले, मसाला कुटून घेणं म्हणजे धूळ खायला राजी होणं नव्हे. पण हे वडिलांनी साक्षीत स्वतः सांगायला हवं. मग तारखा सुरू झाल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील आजारी. यंत्रावरची तात्पुरती मनाईसुद्धा लांबत गेली. वडील दर तारखेला धुतलेला सदरा घालून, खिशात दम्याचा पंप ठेवून जात आणि नुसते बाकावर बसून परत येत. मी मेटाकुटीला आले होते. भेटेल त्याचा हात धरून विचारावंसं वाटे, ह्या माणसानं श्वास घ्यायचा तरी कुठे?

साक्षीआधीच ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं आलं. धुळीचा त्यात उल्लेखही नव्हता.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला कडू घास शेजारच्या काकूंनीच आणला. त्या आईच्या गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. पिठल्यात त्यांच्याच यंत्राचं तिखट होतं. आम्ही ते खाल्लं.

दिवसकार्य झाल्यावर वकिलांनी आम्हाला समोर बसवलं. शरीराच्या इजेची भरपाई मागणं माणसाबरोबरच संपतं, ते म्हणाले. मृत्यू त्याच इजेनं झाला हे दाखवता आलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दाखला दुसरंच सांगतो. साड्यांच्या नुकसानीचा दावा मात्र वारसांना चालवता येईल. हा नियम मला पाठ होता. परीक्षेत तो लिहून मी चांगले मार्क मिळवले होते.

आईनं नीट ऐकून घेतलं. “म्हंजे साडीवरचा डाग जित्ता हाय,” ती म्हणाली, “अन् ह्यांचा दम मेला?”

वकिलांनी वारसांच्या अर्जाचा कागद पुढे सरकवला. उत्तर मलाच द्यावं लागलं.

“हो,” मी म्हणाले.

वारस म्हणून सही करायला तिनं माझ्याकडे पेन मागितलं.