अशोकच्या कागदातल्या गाळलेल्या ओळी

अशोक गेल्याचं त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या पत्रातून कळलं. पत्र इथे बहारीनला, मनामातल्या माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि मी ते टेबलाखाली धरून वाचलं, कारण त्यात रोगाचं नाव होतं. सहा आठवडे झाले... अजून स्वतःची लाज वाटते.

खेडकडचा अशोक एसी दुरुस्त करायचा. मनामातल्याच गुदैबिया भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. भाजी चिरायला बसला की एकेकाची फिरकी घ्यायचा, मी इथल्या बौद्ध मंडळाचा चिटणीस, म्हणून मला ‘चिटणीससाहेब’ म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी व्हिसाच्या मेडिकलमध्ये त्याचं रक्त पॉझिटिव्ह आलं. कंपनीचा माणूस ‘खलास’ म्हणाला आणि शनिवारचं परतीचं तिकीट हातात ठेवलं.

मधे एक शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या खोलीत बुद्धवंदना व्हायची, ईसा टाउनहून कुटुंबं यायची. अशोकने वंदनेनंतर या रोगाबद्दल बोलायला दहा मिनिटं मागितली. मी नाही म्हटलं. बायकामुलं बसतात, समाजाची अब्रू जाईल, आणि दवाखान्यात इंग्रजी पोस्टर आहेच की, असं सुनावलं.

“त्या पोस्टरावरचा आपल्या मानसांना काय कळतंय? मलाच कळला नव्हता,” तो म्हणाला. “माझा नाव नको घेऊ. पन आपल्या भाषेत सांग त्यांना.”

शेवटी त्याने एक कागद लिहून दिला. मी तो सगळ्यांना वाचून दाखवला, पण मोक्याच्या ओळी गाळून. त्यांच्या जागी म्हणालो, “तिसरं शील पाळा, व्यभिचारापासून दूर राहा, म्हणजे झालं.” सगळ्यांनी ‘साधू, साधू, साधू’ म्हटलं. अशोक भिंतीला टेकून बसला होता. ते शील तोही दर शुक्रवारी घेत होता, हे मला सुचलं नाही.

त्या दिवशी पुढे बसलेला एक सोबती महिन्याभरात रजेवर गेला. परतल्यावर मेडिकलमध्ये त्याचंही रक्त तसंच आलं. गावी तपासलं तर त्याच्या बायकोचंही. तिला मी कोणत्या तोंडाने भेटू? माझ्या हातात कागद होता हो...

अशोकच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेल्या श्रद्धांजलीच्या वंदनेला, लोकांनी विचारलं, कशाने गेला? मी कावीळ सांगितली. जित्याची खोड.

अशोक एड्सने गेला. मी गाळलेल्या ओळी या होत्या: “भावांनो, पाय घसरला असेल तर लाजू नका. घरी गेल्यावर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. तोवर निरोध वापरल्याशिवाय बायकोजवळ जाऊ नका. तिला खरं सांगा.”

घरी पोचला त्याच दिवशी त्याने वहिनींना सांगितलं होतं. त्यांनी दोनदा रक्त तपासून घेतलं. त्यांना काही झालेलं नाही.