राक्षसाच्या घरातला कापूस

राक्षसाचा आवाज काढण्याआधी खिडकी लावून घ्यायची असते. त्या संध्याकाळी मी विसरलो, अन् डरकाळी फोडताच शेजारच्या अंगणातून कुणीतरी खाकरलं.

बाभुळगावात आमच्या भिंतीला लागून एक म्हातारे कास्तकार एकटेच राहतात. कुणाशी बोलणं नाही, दिवाळीपासून दार बंद. गल्लीतली पोरं तिथून पळतच जातात. लेकीला रोज गोष्ट लागते, म्हणून मी त्यांना फुकटात राक्षस करून टाकलं होतं. बंद दाराआड त्याची पांढरी दाढी वाढतेय, खोली भरत आली, इथवर गोष्ट आली होती. लेक मला बिलगून ऐकायची. घरात माझा मान काय तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी तिचं शटल त्यांच्या अंगणात पडलं. ती भिंतीशी रडवेली उभी, तर पलीकडून आवाज आला, "ये वं पोरी, राक्षसानं शटल नाही खाल्लं."

परतली ती केसांत कापूस अडकवून. "बाबा, दाढी नाही, कापूस आहे. छतापर्यंत. भाव वाढला का विकणार हायेत. आबाजींनं मले त्याच्यावर उड्या मारू देल्ल्या."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण जळफळाटाखाली दबून गेली. कारण आता ती रोज संध्याकाळी तिकडेच. मी घाईघाईनं सात तोंडांचा राक्षस आणला, तर म्हणाली, "आबाजींची गोष्ट ऐकून येते, मंग तुमची."

एकदा तिला जेवायला बोलावण्याचं निमित्त करून मी त्यांच्या दाराशी गेलो आणि तिथंच थबकलो. आत दोघं कापसाच्या ढिगावर बसलेले.

"शेजारी एक माणूस राहे," आबाजी सांगत होते, "संध्याकाळ झाली का डरकाळ्या फोडे. पोट्टे त्याले भेत. पण मनाचा लय चांगला. लेकीसाठी घसा बसवून घे, बायकोचे भांडे घासे."

"बाबा भांडे नाही घासत," लेक म्हणाली.

"गोष्टीत घासते."

आजवर मी आबाजींवर जळत होतो. आता त्यांच्या गोष्टीतल्या त्या माणसावरही जळू लागलो. घरी येऊन सगळं कुरकुरत बायकोला सांगितलं.

भाकर उलटवत ती म्हणाली, "मले तर आवडला तो. उद्या त्याईले विचारून या, पुढं तो कणीकही मळते काय."