बॅटरी काढलेली गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आणि ज्या घरात हे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या घरी मी दर रजेला जातो, चहा पितो आणि परत येतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. याला धाडस म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी फिटर. सौदीत अबकैकला, तेलाच्या प्लांटमध्ये, एका ठेकेदाराकडे. सोळा वर्षं झाली. सलीम वेल्डर होता. आमचं गाव एकच, दापोलीच्या खाली — आमची वाडी ओढ्याच्या अलीकडे, त्यांचा मोहल्ला पलीकडे. कॅम्पात आमच्या खाटा शेजारी शेजारी. वरवर बघितलं तर उडाणटप्पू वाटायचा. शिट्ट्या मारत काम करायचा, सुपरवायझरची अशी नक्कल करायचा की हसून पोट दुखावं. पण कामाच्या नियमाला पक्का. पुढे मी लोकांना त्याच्याबद्दल याच्या बरोब्बर उलटं सांगितलं.

गाडी मिळाली खफजीला. कुवेतच्या सीमेजवळ आम्ही महिनाभर कामाला गेलो होतो, तिथे एका म्हाताऱ्या सौदीच्या शेडमध्ये ती उभी होती — जपानी मोटारसायकल, पन्नास वर्षांच्या वरची, टाकीचा लाल रंग उडालेला. म्हाताऱ्याने सलीमला तिच्यावर बसवलं, बराच वेळ नुसता बघत राहिला, मग "खलास", म्हणजे ठरलं, म्हणाला आणि किल्ली दिली. इतक्या जुन्या गाड्या आता भारतात नेता येतात, हे सलीमनेच कुठूनसं शोधून काढलं होतं. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नुकताच नवा झाला होता म्हणून कागद माझ्या नावावर केले. जीव मात्र त्याचा. अब्बांना मागे बसवायचं आणि हर्णै बंदरापर्यंत न्यायचं — त्याचं एवढंच चाललेलं असायचं.

आता टॅगचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्लांटमध्ये एखाद्या यंत्राचं काम अर्धवट असलं की त्यावर लाल टॅग लावतात. 'चालवू नका' असं छापलेलं, खाली नाव आणि सही. ज्याने लावला त्यानेच काढायचा. आणि टॅग नाही याचा अर्थ — यंत्र ठीक आहे, खुशाल चालवा. हे आमच्या हाडीमाशी इतकं खिळतं की कॅम्पातला पंखा बिघडला तरी आम्ही टॅग लावतो. सलीमने एकदा माझ्या करपलेल्या डाळीच्या पातेल्यावर लावला होता. सगळी खोली हसली होती. मीही.

गाडीची दुरुस्ती माझ्याकडे होती. गुरुवारी संध्याकाळी मागच्या ब्रेकची दांडी जोडली. ती ज्या पिनेवर अडकते, त्या पिनेतून एक बारीक तार आरपार घालून वाकवावी लागते. नाहीतर हादऱ्यांनी पीन सरकते आणि दांडी निसटते. मापाची तार नव्हती. शनिवारी स्टोअरमधून आणू म्हटलं. पुढचा ब्रेक तर नावालाच होता. म्हणून हँडलला लाल टॅग बांधला, सही केली. बरोबर केलं ना? इथपर्यंत सगळं बरोबर केलं.

शुक्रवारी सकाळी दम्मामच्या एजंटचा फोन आला. गाडी बोटीने पाठवायची तर चारही बाजूंचे फोटो हवेत, आत्ता हवेत, गाडीवर काही लटकलेलं नको. मी खाली गेलो. टॅग सोडला, खिशात घातला. फोटो काढले, पाठवले. फोटो छान आले होते — मी ते बघत बघतच वर आलो आणि कपडे धुवायला बसलो. टॅग खिशात.

नाश्ता करून सलीम खाली गेला. हँडलवर टॅग नव्हता.

हीच ती चूक, असं तुम्ही म्हणाल. नाही. चूक कुणाच्याही हातून होते. मी सांगायला बसलोय ते यानंतरचं आहे.

त्याच्या मागून एक पिकअप येत होती. तिच्या ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं की मोटारसायकलचा ब्रेकचा दिवा लागलेला होता. कितीतरी वेळ लागलेला होता. गाडी मात्र हळू होत नव्हती. त्याला ते चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं. पेडल दाबलं की दिवा लागतो, दांडी निसटलेली असली तरी लागतो. पुढे चौकात ट्रेलर वळत होता. सलीम चौकापर्यंत पेडल दाबत गेला — यापलीकडे मला विचार करता येत नाही.

पोलिसांनी मला नेलं, गाडी माझ्या नावावर म्हणून. कंपनीचा सेफ्टीवाला तिथे आला. टॅग लावला होतास का? हो. मग काढला कोणी?

किती वेळ लागतो हो, 'मी' म्हणायला?

मी म्हणालो, त्यानेच काढला असेल.

'असेल' म्हणालो होतो. तेवढ्यावर राहिलो असतो तरी एक वेळ — नाही, तरीही काही फरक पडला नसता. मला तीन आठवडे रोज ठाण्यात बसवत होते, तपास चालू होता, आणि त्या 'असेल'चं मला 'आहे' करायचं होतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं सामान खोलीतल्या लोकांनी मिळून बांधायचं, यादी करायची, दोघांनी सह्या करायच्या आणि रजेवर जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर घरी पाठवायचं, अशी रीत आहे. सामान बांधायच्या आदल्या दिवशी मी तो टॅग सलीमच्या ट्रंकेत, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात सरकवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तो शर्ट मीच झटकला. मीच ठेवला, मीच सापडवला. यादीत लिहिलं — लाल टॅग, एक. खाली माझी सही. त्यानंतर मला कुणी ठाण्यात बोलावलं नाही.

पुढे कित्येक महिने सकाळी काम सुरू होण्याआधी सेफ्टीवाला सगळ्यांना उभं करून सांगायचा, "टॅग निकाला, जान गई." शंभर माणसं माना हलवायची. मी पहिल्या ओळीत असायचो आणि मान हलवायचो.

सलीमला तिकडच्याच मातीत ठेवलं. घरी गेली ती फक्त ट्रंक. मग एक दिवस त्याच्या वडिलांचा, कासमचाचांचा फोन आला. पोराची माती काही मिळाली नाही, निदान ती गाडी तरी आण. पोलिसांनी सोडलेली ती वाकडी गाडी मला भंगारात घालायची होती. पण 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार?

दम्मामला पॅकिंगच्या आवारात भर दुपारी तिला लाकडी खोक्यात चढवत होतो. बोटीवर चढवायची म्हणजे टाकी रिकामी आणि बॅटरी काढलेली लागते. बॅटरी मीच काढली, माझ्या हातात होती. पॅकिंगवाला मल्याळी मागे उभा होता. तो म्हणाला, "भाईसाब, लाइट तो बंद करो."

मी मागे जाऊन पाहिलं. ब्रेकचा दिवा लागला होता.

ऊन पडलं असेल काचेवर, म्हणून हाताने सावली धरली. हाताखालीही लाल. पेडलला कुणाचा पाय नव्हता. वायरी मी स्वतः सोडवल्या होत्या, त्यांची टोकं लोंबत होती. आम्ही दोघं बघत राहिलो. चौकापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो लागून राहिला आणि मग एकदम विझला. मल्याळी भराभरा खिळे ठोकू लागला.

रजा घेऊन मी न्हावाशेव्याला गाडी सोडवायला गेलो, तर कस्टमवाल्याने खोकं उघडून बघितलं आणि माझ्यावरच खेकसला की बॅटरी काढायची असते, कळत नाही का? काढलेली आहे साहेब, म्हटलं. त्याने बॅटरीची मोकळी जागा बघितली, मागे जाऊन पुन्हा बघितलं, शिक्का मारला आणि जेवायला निघून गेला.

गाडी आता चाचांच्या पडवीत आहे. बॅटरी कुणी घातलेली नाही. गेल्या रजेत गेलो तेव्हा चाचा तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "दुपारचा दिवा लागतो तिचा. तो ब्रेक दाबतो." पाऊस येईल म्हणावं इतक्या साध्या आवाजात. मला भीती वाटते, खरंच सांगतो — दिवसाढवळ्या, माणसांत बसलेलो असतानाही वाटते. पण त्या दिव्याची नाही. त्या म्हाताऱ्याची वाटते.

मग ते उठले. गुडघे धरून उठतात ते आता. माझ्यासमोर येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. मी मागे सरकलो, पाठ भिंतीला लागली.

"त्याने तुजा ऐकलान नाय," ते म्हणाले. "टॅग काढलान. तुला पोलिसात बसायला लागला त्याच्यापायी. आमच्यात माणसाचा केलेला गुना माणसानेच माफ करायचा असतो रे, अल्ला पण मधी पडत नाय. तू माफ करत नाय तवर तो अडकलेला राहणार. माज्या पोराला माफ कर."

सांगायला याहून चांगली जागा नव्हती. आम्ही दोघंच होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "केलं, चाचा. माफ केलं त्याला."

त्यांनी डोळे पुसले. आत हाक मारून चहा सांगितला. मी तो प्यायलो.